खांदेपालट

वयाच्या साठाव्या वर्षी माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजात फारसे मतभेद नाहीत. साठीशांत करून घ्यावी, नातवंडाचे बोट धरून त्यास शाळेच्या बसपर्यंत पोहोचवावे, संध्याकाळी फिरून येताना कोथिंबिरीची जुडी आणावी आणि रक्तातील साखरेविषयी समवयस्कांशी सांगोपांग चर्चा करावी. आम्हीही या राजमार्गाला लागलोच होतो. परंतु गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या अलीकडच्या शनिवारी, मध्यरात्रीच्या सुमारास आम्ही खानवेलच्या जंगलातील एका चढावर सायकलीवर बसलो होतो; डोक्यावर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर दिवा आणि पोटऱ्यांत गोळे. हे कसे घडले ते सांगण्याचे कारण सायकल हे नव्हे. कारण वेगळेच आहे. पण तिथवर सायकलीवरूनच जावे लागते, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

आम्ही सिल्वासाला आलो ते १९८९ साली. त्या काळी दादरा-नगर हवेलीत कारखान्यांना करांत सवलत मिळत असे, त्यामुळे धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने भराभर उभे राहत होते. वापी स्टेशनावर उतरून सतरा-अठरा किलोमीटर आत आले की दमणगंगेच्या काठी हे गाव लागे. गुजराती बाजारपेठ, हिंदी बोलणारा कामगारवर्ग, पोर्तुगीज अमदानीतील चर्च, आणि दक्षिणेकडे जावे तसतशी वारली, कोकणा मंडळींची वस्ती नि कानावर पडणारी मराठी, असा येथला थाट. एका धाग्याच्या कारखान्यात आम्ही पर्यवेक्षक म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झालो. दिवसपाळी, दुसरी पाळी, रातपाळी या तीन शब्दांत आमच्या आयुष्याची घडी बसलेली होती. पुढचा माणूस येऊन यंत्रापाशी उभा राहिल्याखेरीज आपण जागा सोडायची नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. तो आम्ही कारखान्यात कधी मोडला नाही. घरी मोडला, त्याची ही हकीकत आहे.

आमची धाकटी बहीण वापीस असते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, इंजिनियर आहे आणि त्यास डोंगरी सायकलीचे वेड आहे. एके दिवशी तो घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, रात्रभराची रिले शर्यत आहे. चौघांचा संघ लागतो. बाबा तयार झाले आहेत. तुम्ही आलात तर जमेल."

"आणि चौथा?" आम्ही विचारले.

"चौथा मिळेल," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. त्याच वेळी आम्हांस संशय यावयास हवा होता.

सायकल आम्हांला परकी नव्हती. आमचे बालपण जव्हारचे. वडील प्राथमिक शिक्षक. त्यांची काळी, उंच, दांडीची सायकल होती आणि तिच्यावरून ते खेड्यातील शाळेत जात. पावसाळ्यात तिची दशा अशी होई की जाताना सायकल वडिलांना नेई आणि येताना वडील सायकल खांद्यावर घेऊन येत. आम्ही दोघे भाऊ त्याच सायकलीवर शिकलो. सीटवर पाय पुरत नसत म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून, अंग तिरके करून. थोरला चालवी, धाकटा कॅरिअर धरून मागे धावे. मग धाकटा चालवी, थोरला धावे. आळीपाळीचा तो करार तोंडीच होता आणि त्यावरून भांडण झाल्याचे आम्हांस आठवत नाही.

डोंगरी सायकल हे मात्र निराळेच जनावर निघाले. रुंद, खाचांचे टायर, पुढच्या चाकावर धक्के गिळणारी स्प्रिंगची दुबेळकी, चकतीचे ब्रेक आणि चढाला साजेसे गिअर. भाच्याने तिचा इतिहासही सांगितला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या जड सायकली घेऊन टॅमलपाईस डोंगरावरून खाली सुटत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याच परगण्यात शर्यत लावली. उतार एवढा तीव्र की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेकचे वंगण तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा घडवला, आणि अवघ्या वीस वर्षांच्या आत, १९९६ साली अटलांटा येथे, हा उनाड पोरांचा खेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. आमच्या वडिलांनी जव्हारच्या घाटात सायकलीचे जे केले तेही काही निराळे नव्हते. फक्त त्यांना कोणी पदक देत नव्हते.

रिले शर्यतीची कल्पनाही तिकडचीच. १९९२ साली वेस्ट व्हर्जिनियात लेअर्ड नाईट यांनी चोवीस तासांची डोंगरी सायकल शर्यत भरवली. फ्रान्समधील ल माँ येथे मोटारींची चोवीस तासांची शर्यत होते, तिच्यावरून हे सुचले. जंगलात एक वर्तुळ आखायचे, संघातील एकाने ते पुरे करून यायचे, हातातील दांडके दुसऱ्याच्या हाती द्यायचे आणि दुसऱ्याने निघायचे. रात्र असो, चिखल असो, संघातील कोणीतरी सदैव वाटेवर असलेच पाहिजे.

हे ऐकून आम्ही भाच्यास म्हणालो, की यात नवे ते काय? पालखीचे भोई हेच करीत, डाकेचे हरकारे हेच करीत. आपल्याकडे त्यास खांदेपालट म्हणतात. एकाचा खांदा दुखू लागला की दुसऱ्याने न सांगता पुढे व्हायचे. त्यावर भाचा म्हणाला, "मग मामा, नाशिकच्या महाजन बंधूंचे ठाऊक आहे ना?" आणि त्याने जे सांगितले ते खरोखरच ऐकण्याजोगे होते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ. २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत ते दोघांचा संघ म्हणून उतरले. ही शर्यत डोंगरी वाटेची नव्हे, सडकेची. पण त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाईडपासून पूर्व किनाऱ्यावरील अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, वाळवंट आणि पर्वत ओलांडून. एक भाऊ चालवी, दुसरा गाडीत पाठ टेकी, मग उलट. ८ दिवस, १४ तास आणि ५५ मिनिटांत त्यांनी ती पुरी केली, आणि ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. आता आपल्याकडेही पुण्याहून गोव्यापर्यंत साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपासची ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यत होते आणि तीतही दोघांचे, चौघांचे संघ असतात.

"एक भाऊ येतो, तेव्हा त्याचे पुढचे चाक थांबलेल्या भावाच्या मागच्या चाकाशी येऊन भिडले पाहिजे," भाचा सांगत होता. "मगच दुसऱ्याने निघायचे." भाऊ हा शब्द त्याने दोनदा, किंचित जोर देऊन उच्चारला. आम्ही तो ऐकला न ऐकल्यासारखा केला.

आमचा धाकटा भाऊ जव्हारलाच राहिला. तेथेच त्याने नोकरी केली, वडिलांचे घर सांभाळले. आठ वर्षांपूर्वी वडील वारले. त्याआधी चौदा महिने ते अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. सिल्वासाहून जव्हार म्हणजे फार तर दोन तासांची वाट. या चौदा महिन्यांत आम्ही किती वेळा गेलो? सणासुदीला, आणि कोणी भेटीस आले म्हणजे. औषधांचे पैसे आम्ही नियमित पाठवीत होतो आणि तेवढ्याने आपली बाजू झाली असे मनाशी मानत होतो. मध्यंतरी एकदा धाकट्याचा फोन आला होता. "दादा, आठ दिवस येशील का? मला जरा झोप हवी आहे." एवढेच तो म्हणाला. कारखान्यात नवी यंत्रे यावयाची होती. आम्ही म्हणालो, "पुढच्या महिन्यात पाहतो." पुढच्या महिन्यात वडील गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. खांदा देण्यासाठी आम्ही पुढे झालो, तेव्हा धाकटा हलक्या आवाजात म्हणाला, "आता कशाला? इथवर मी आणलेच आहे."

लोकांसमोर तो आणखी काही बोलला नाही. आम्ही खांदा दिला. परंतु दिवस झाल्यानंतर आम्ही जव्हार सोडले, ते पुन्हा गेलो नाही. घराच्या वाटणीचा प्रश्न निघाला, त्यावरून दोन कडक पत्रे इकडून गेली, दोन तिकडून आली. लोकांस वाटले भांडण घराचे आहे. आम्हीही तसेच सांगत होतो, कारण तसे सांगणे सोपे होते.

शर्यतीची तयारी तीन महिने चालली. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून, कपाळाला आठी घालून परवानगी दिली. "अहो, पडलात तर मी काय सांगू लोकांना?" एवढा एकच प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू वळावयास घेतले. पहाटे मधुबन धरणाच्या बाजूस जाऊन आम्ही चढ चढू लागलो. आरंभी चढ आम्हांस चढू देत नसे. मग हळूहळू त्याने आम्हांस ओळख दिली.

शर्यतीच्या दिवशी दुपारी आम्ही खानवेलला पोहोचलो. सिल्वासापासून हे गाव वीस किलोमीटरांवर. साकरतोड नदी, सागाची दाट झाडी आणि चहूकडे टेकड्या. हा रस्ता इतिहासातही उमटलेला आहे. १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात पुण्या-मुंबईकडून आलेले मराठी तरुण होते, आणि ज्यांच्या चाली आपल्या घराघरांत गायल्या जातात ते सुधीर फडकेही होते. त्या वेळी येथला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह याच खानवेलच्या दिशेने माघारी गेला, आणि पुढे ११ ऑगस्टला उधवा येथे त्याने शस्त्रे खाली ठेवली. आम्ही हे भाच्यास सांगत होतो, तेवढ्यात समोर बहिणीने मांडलेल्या सतरंजीवर, पाठमोरा, पंपाने टायरमध्ये हवा भरणारा एक मनुष्य आम्हांस दिसला. मान तिरकी करून टायर दाबून पाहण्याची ती लकब वडिलांची होती. दोघांनी ती उचललेली आहे. आमचे केस मात्र त्याच्याहून कमी पांढरे आहेत.

आम्ही बहिणीकडे पाहिले. तिने डोळे वटारून आमच्याकडे पाहिले. "दादा, तू मोठा आहेस. आता इथे काही तमाशा करू नकोस," ती म्हणाली. धाकट्यालाही बहुधा तिने असेच काही सांगितले असावे, कारण त्याने एकदा मान वर करून आम्हांस पाहिले आणि पुन्हा हवा भरू लागला.

संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, अशी शर्यत होती. आसपासच्या सायकलप्रेमी तरुणांनी हौसेने ती आखली होती. वीस-बावीस संघ होते. वर्तुळ अकरा किलोमीटरांचे. दांडक्याऐवजी वीतभर बांबूचे नळकांडे होते, त्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रांतील माणसे रेखलेली. क्रम भाच्याने ठरवला: आधी तो, मग मेहुणे, मग धाकटा, मग आम्ही. म्हणजे प्रत्येक फेरीस धाकट्याने येऊन ते नळकांडे आमच्याच हाती द्यावयाचे. हाही कट बहिणीचाच.

भाचा वाऱ्यासारखा गेला आणि चाळीस मिनिटांत परतला. मेहुणे पाऊण तासाहून अधिक घेऊन, पण हसतमुखाने आले. धाकटा आला तेव्हा साडेआठ वाजत आले होते. त्याने नळकांडे पुढे केले, आम्ही ते घेतले. बोटास बोट लागले नाही, इतकी दोघांनी काळजी घेतली.

रात्रीचे जंगल सायकलीवरून पाहणे हा अनुभव वेगळाच. दिव्याच्या उजेडात पाच-सहा हात जमीन दिसते, तेवढेच जग. सागाची वाळलेली पाने चाकाखाली पापडासारखी मोडतात. नाल्यात गोटे, पलीकडे मुळांनी विणलेला चढ, मग माळ, मग भाताची कापलेली खाचरे आणि पेंढ्याच्या उडव्या, आणि शेवटी असा उतार की बोटे ब्रेकवर आणि प्राण कंठाशी. पुढे पाहायचे ते चाकाकडे नव्हे, वाटेच्या पुढच्या वळणाकडे. चाक ज्या दगडाकडे पाहावे त्याच दगडाकडे जाते, हे आम्हांस दोन वेळा आपटून समजले. तासाभराने परत आलो तेव्हा भाच्याने पाठ थोपटली. आम्हांस फार धन्य वाटले. लाडू खाल्ला, घोंगडी पांघरली आणि जरा डोळे मिटू म्हणून तंबूच्या मागल्या बाजूस कलंडलो.

वाचकहो, आम्ही झोपलो. चौतीस वर्षे रातपाळी केलेला मनुष्य झोपला.

बहिणीने गदागदा हलवून उठवले तेव्हा ध्वनिक्षेपकावरून आमच्या संघाचा क्रमांक तिसऱ्यांदा पुकारला जात होता. आम्ही धडपडत रेषेपाशी गेलो. धाकटा सायकल धरून उभा होता. त्याचा उजवा हात पुढे होता आणि त्यात ते नळकांडे. घामाने भिजलेले अंग थंडीने कापत होते. तीन-चार मिनिटे तो तसाच उभा असावा. आम्ही नळकांडे घेतले. तो रागावला नव्हता, हेच वाईट होते. अगदी साध्या, थकलेल्या आवाजात तो म्हणाला, "मला सवय आहे, दादा."

आम्ही निघालो. तो चढ, ती मुळे, ते गोटे यांतील काही आम्ही पाहिल्याचे आठवत नाही. कानांत ते तीनच शब्द होते. रागाने पायडल मारावे तसे आम्ही मारीत होतो. राग कोणाचा, हे ठाऊक असूनही. माथ्यावरच्या चढात गिअर बदलताना खाडकन आवाज झाला आणि साखळी तुटून पानांत जाऊन पडली.

भाच्याने पिशवीत साखळी जोडण्याचे छोटे हत्यार दिले होते आणि दोनदा शिकवलेही होते. परंतु घरच्या अंगणात शिकणे वेगळे आणि अंधारात गारठलेल्या बोटांनी करणे वेगळे. दिवा तोंडात धरावा तर खिळा दिसेना. खिळा धरावा तर दिवा पडे. दहा मिनिटे अशी गेली. मग पलीकडच्या कारवीच्या कुडाच्या घरातून एक म्हातारा वारली बाहेर आला. हातात विजेरी होती. काही न विचारता तो शेजारी उकिडवा बसला आणि त्याने उजेड नेमका साखळीवर धरला.

आम्ही जोडीत असता त्याने चौकशी केली. त्याची बोली आमच्या मराठीची चुलत बहीणच; थोडे लक्ष दिले की समजते. रात्रीच्या वेळी ही सगळी माणसे कुठे निघाली आहेत, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले, की कुठेच नाही. गोल फिरून जिथून निघालो तिथेच परत जायचे. यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग, तिथे कोणी वाट पाहत आहे का, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, हो, पाहत आहेत. हे मात्र त्यास पटले. मग जायला हवे, असे म्हणून तो उठला आणि साखळी एकदा चाकावरून फिरून नीट बसेपर्यंत त्याने विजेरी हलू दिली नाही.

आम्ही परतलो तेव्हा दीड वाजून गेला होता. भाचा रेषेवर तयारच होता. तो निघून गेला. या वेळी आम्ही घोंगडीकडे गेलो नाही. एकदा झालेली चूक माणसाने दुसऱ्यांदा करू नये, हे शहाणपण नव्हे. आम्हांस आता झोप येणेच शक्य नव्हते. चौदा महिने. रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागे, असे तेव्हा कोणीतरी सांगितले होते. चौदा महिने म्हणजे सव्वाचारशे रात्री. एका रात्रीत दोनदा उठवल्यावर आमची ही दशा झाली होती.

भाचा आला, मेहुणे गेले, मेहुणे आले. सव्वातीनला धाकटा निघाला. निघताना त्याने आम्हांस रेषेपाशी उभे पाहिले आणि काही बोलला नाही. त्यास पन्नास-पंचावन्न मिनिटे लागत, हे आम्ही जाणून होतो. बहीण म्हणाली, "दादा, शेकोटीपाशी बैस. चार वाजता ऊठ." आम्ही म्हणालो, "नको." एका हातात पाण्याची बाटली, खांद्यावर त्याच्यासाठी घोंगडी, आणि सायकल दुसऱ्या हाताने धरलेली, अशा स्थितीत आम्ही उभे राहिलो.

चार वाजून गेले. दिवे येत, जवळ आल्यावर परके निघत आणि निघून जात. सव्वाचार झाले. साडेचार झाले. पायांतले गोळे वर चढू लागले. दोन संघ आमच्या पुढे गेल्याचे ध्वनिक्षेपकाने जाहीर केले. तेव्हा आम्हांस प्रथमच कळले, की वाट पाहणे हे शर्यतीतले सर्वांत कठीण काम आहे. चालवणाऱ्यास निदान चढ संपतो हे दिसते. उभ्या असलेल्यास काहीच दिसत नाही. त्याने फक्त जागा सोडायची नसते. धाकट्याने त्या सव्वाचारशे रात्री काय केले असेल, ते आम्हांस त्या अर्ध्या तासात थोडेसे समजले. सगळे समजले असे म्हणण्याचा अधिकार आमचा नाही.

पाच वाजण्यास वीस मिनिटे असताना वळणावर एक दिवा दिसला. तो डोलत, सावकाश येत होता. धाकटा चालत होता. मागचे चाक बसलेले, गुडघा खरचटलेला. रेषेपाशी आल्यावर त्याने मान वर केली. आम्ही पुढे झालो आणि आमच्या सायकलीचे मागचे चाक त्याच्या पुढच्या चाकाला टेकवले. हा नियम या शर्यतीचा नव्हता; तो अमेरिकेतला, महाजन बंधूंचा. भाच्याने सांगितलेला.

"उभाच होतास?" त्याने विचारले.

"हो," आम्ही म्हणालो. घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली, बाटली हातात दिली. मग जे आठ वर्षांपूर्वी म्हणावयाचे होते ते म्हणालो. "तेव्हा मी यायला हवे होते. चुकले माझे."

त्याने पाणी प्यायले. बाटलीचे बूच लावावयास त्यास बराच वेळ लागला. "आधी फेरी करून ये," तो म्हणाला. "माथ्यावर डाव्या बाजूने जा, उजवीकडे काटे आहेत." आणि त्याने नळकांडे दिले. या वेळी त्याची बोटे आमच्या बोटांना लागली; बर्फासारखी गार होती.

शेवटच्या फेरीत आम्ही माथ्यावर डाव्या बाजूने गेलो. कुडाच्या घरात आता चूल पेटलेली होती आणि कोंबडा आरवत होता. सहा वाजण्यास काही मिनिटे उरली असता आम्ही रेषा ओलांडली. चौघांच्या मिळून बारा फेऱ्या झाल्या, म्हणजे १३२ किलोमीटर. आमचा क्रमांक शेवटून तिसरा आला. भाच्यास त्याचे थोडे वाईट वाटले, पण त्याच्या आईस मुळीच वाटले नाही.

सकाळी नागलीची भाकरी, वालाची उसळ आणि चहा असा बेत होता. धाकटा शेजारीच बसला होता. घराच्या वाटणीविषयी कोणी बोलले नाही. ते पुढे बोललो, आणि एवढे वाईट काही झाले नाही. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "बाबांची सायकल माळ्यावर आहे. रिमा गंजल्या आहेत, पण सांगाडा धड आहे." आम्ही म्हणालो, "मी येतो. दोघे मिळून उघडू." त्याने विचारले, "केव्हा?" आम्ही तोंडावर आलेले ‘पुढच्या महिन्यात पाहतो’ हे शब्द गिळले आणि तारीख सांगितली. त्या तारखेस गेलोही.

डोंगरी सायकल आम्ही भाच्यास परत केली. पुन्हा अशा शर्यतीत उतरू की नाही, हे डॉक्टर आणि सौभाग्यवती ठरवतील. एक मात्र झाले. दरवर्षी संक्रांतीला आम्ही जव्हारला तिळगुळाचे छोटे पाकीट पोस्टाने पाठवीत होतो, पत्रावाचून, केवळ नाव घालून. आणि तिकडूनही तसेच येई. या वर्षी धाकटा शर्यतीहून थेट आमच्याकडे आला, दोन दिवस राहिला, आणि त्यांपैकी बराच वेळ झोपला. त्यास कोणी उठवू नये म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो होतो. त्या वर्षीचा तिळगूळ आम्ही त्याच्या हातावर ठेवला.